पडद्यावरील खेळ व दुर्बल हात

खेड्यातील पुष्कळ शाळांच्या पटावर असे एखादे मूल असते की, ते एक हात छातीशी मुडपून धरते, चालताना त्याची एक टाच जमिनीस टेकत नाही आणि खेळाच्या तासाला ते ओट्यावर बसून राहते. अशा मुलास मंदबुद्धीचे समजण्याची चूक वारंवार घडते. वास्तविक जन्मापूर्वी, जन्मसमयी किंवा अगदी लहानपणी मेंदूस इजा पोचल्यामुळे त्याचा स्नायूंवरील ताबा कमी झालेला असतो. बुद्धी पुष्कळदा शाबूत असते. या विकारास डॉक्टर सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात, असे म्हणतात. दर हजार जन्मांमागे सुमारे 2 ते 3 मुलांत तो आढळतो.

मेंदूचा इजा पोचलेला भाग पूर्ववत होत नाही. तथापि उरलेला मेंदू सरावाने नवी कामे शिकू शकतो, आणि बालवयात ही शक्ती विशेष असते. त्यासाठी एकच हालचाल शेकडो वेळा, तीही मन लावून, करावी लागते. खरी अडचण येथेच आहे. ‘हात वर, हात खाली’ या कवायतीस आठ वर्षांचे मूल पाच मिनिटांत कंटाळते. शिवाय चांगला हात सगळी कामे उरकू लागला की, दुर्बल हात असूनही नसल्यासारखा होतो.

या अडचणीवर पडद्यावरील खेळांचा, म्हणजे व्हिडिओ गेमचा, उपाय पुढे आला. 2006 साली निन्टेंडो कंपनीने ‘वी’ नावाचे यंत्र बाजारात आणले. हातातील दांडी हलविली की पडद्यावरील बॅट हलते, अशी त्याची योजना होती. पुढे शरीराचा भार कोणत्या पायावर आहे हे ओळखणारी फळीही त्यास जोडण्यात आली. 2010 साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या ‘किनेक्ट’मध्ये हातात काही धरावेही लागत नसे, कॅमेराच अंगाची हालचाल टिपी. ही यंत्रे करमणुकीसाठी निघाली होती. परंतु अनेक देशांतील फिजिओथेरपिस्टांनी ती उपचारास जुंपली. त्या यंत्रांचे उत्पादन आता थांबले असले, तरी त्यामागील तत्त्व नव्या साधनांत कायम आहे.

ते तत्त्व तीन गोष्टींत सामावते. पहिली, प्रत्येक हालचालीचे फळ मुलास तत्क्षणी दिसते. दुसरी, खेळ त्याच्या कुवतीपासून सुरू होऊन पायरीपायरीने अवघड होतो. तिसरी, चुकल्यास कोणी हसत नाही. डाव पुन्हा मांडता येतो.

मात्र या खेळांचा महिमा अवास्तव वाढवू नये. आजवरच्या बऱ्याच प्रयोगांत मुलांची संख्या थोडी होती. नित्याच्या उपचारास जोड म्हणून त्यांचा उपयोग होतो, बदली म्हणून नव्हे. पडद्यावरील चेंडू टोलविता आला म्हणून सदऱ्याचे बटण आपोआप लावता येत नाही. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने यासाठीच सांगितले आहे की, ध्येय मुलाने स्वतः निवडावे, संपूर्ण कृतीचा सराव करावा आणि तो घर, शाळा अशा खऱ्या ठिकाणी व्हावा.

शिक्षकाचे महत्त्व येथे आहे. सोयगाव किंवा वैजापूर तालुक्यातील शेतमजुराने मुलास आठवड्यातून तीनदा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात आणावयाचे म्हटले, तर तीन दिवसांची मजुरी बुडते. उपचार सुटतो तो बहुधा असाच. शाळा मात्र रोज भरते, आणि वरील तत्त्वास वीज लागत नाही.

चिंचोके दुर्बल हाताने एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकावयास द्यावेत. आज 5 पडले तर उद्या 6 चे लक्ष्य ठेवावे आणि गुण फळ्यावर मांडावेत. लगोरी रचताना दोन्ही हातांनी चकती धरण्याचा नियम सर्वांनाच लावावा. चेंडू फेकताना सवंगड्यांनीही डावा हात वापरावा, म्हणजे डाव बरोबरीचा होतो. त्यानंतर जेवणाचे ताट दोन्ही हातांनी उचलणे, दप्तराचा बंद लावणे, यांपैकी मुलास जे साधावयाचे असेल त्याचा सराव रोज थोडा थोडा घ्यावा.

काही पथ्ये अवश्य पाळावीत. कोणते व्यायाम योग्य, हे प्रथम फिजिओथेरपिस्टास विचारावे. ताठरलेला हात बळाने ओढू नये. वेदना होताच थांबावे. या मुलांपैकी अनेकांना फेफरे येते. त्यांना लखलखत्या चित्रांचे खेळ डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून देऊ नयेत. कोपऱ्यात बसून चांगल्या हाताने मोबाईल खेळणे हा उपचार नव्हे, हेही पालकांस समजावून सांगावे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीस येईल, तेव्हा असे मूल त्यांच्यासमोर आणावे आणि गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकास कळवावे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने, 40 टक्के वा अधिक दिव्यांगता असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. परंतु हक्काने मूल वर्गात येते. त्यास ओट्यावरून उठवून डावात घेणे हे काम शिक्षकाचेच आहे.