'मे', 'मस्ट' आणि त्यांचे सोबती

कोल्हापुरांतील एखादा तरुण पदवीधर कचेरींत रजेचा अर्ज लिहावयास बसतो. मनांत मराठी वाक्य तयार असतें : 'कृपया रजा मंजूर करावी.' तेंच तो इंग्रजींत उतरवितो : 'यू मे काइंडली सँक्शन माय लीव्ह.' व्याकरणाचा नियम लावून पाहिला, तर ह्या वाक्यांत एकही शब्द चुकलेला नाहीं. कर्ता जागच्या जागीं आहे, साहाय्यक क्रियापद आहे, क्रियाविशेषण आहे. आपल्याकडील कचेऱ्यांतून हें वाक्य इतकें रुळलें आहे कीं, तें वाचणाऱ्या वरिष्ठालाही खटकत नाहीं. परंतु हाच अर्ज ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे अशा मनुष्याच्या हातीं पडला, तर तो क्षणभर थबकेल. त्याच्या कानाला 'यू मे' हे शब्द परवानगीचे लागतात. अर्जदार जणूं म्हणत आहे, 'माझी रजा मंजूर करण्यास आपणांस मुभा आहे. तेवढी कृपा करा.' मागणारानेंच देणाराला परवानगी द्यावी, हा प्रकार विचित्र खरा. नम्रतेसाठीं योजलेलें वाक्य अशा रीतीनें उद्धट ठरतें, आणि लिहिणाराला त्याचा पत्ताही लागत नाहीं.

ह्या घोटाळ्याचें मूळ इंग्रजीपेक्षां मराठींतच अधिक सांपडतें. 'करावी', 'जावें', 'असावा' ह्या रूपांना मराठी व्याकरणांत विध्यर्थ म्हणतात. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनीं 1836 मध्यें आपलें मराठी व्याकरण प्रसिद्ध केलें, आणि मोरो केशव दामले यांचें 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 मध्यें बाहेर पडलें. तेव्हांपासून क्रियापदाच्या ह्या 'अर्थां'ची चर्चा शाळांतून चालत आलेली आहे. ह्या एकाच विध्यर्थाकडून मराठी मनुष्य किती कामें करून घेतो, तें पाहण्यासारखें आहे. 'नेहमी खरें बोलावें' हें कर्तव्य झालें. 'आपण बसावें' ही विनंति. 'त्यानें खुशाल जावें' ही परवानगी. 'देवानें तुम्हांस सुखी ठेवावें' ही इच्छा. आणि 'तो एव्हांना पोहोंचला असावा' हा नुसता तर्क. पहिल्या ठिकाणीं इंग्रजींत 'शुड' येईल, तिसऱ्या ठिकाणीं 'मे' येईल, पांचव्या ठिकाणीं 'मस्ट' किंवा 'विल' येईल. विनंतीला तर निराळीच रचना लागेल. मग मराठी ऐकणाराला नेमका अर्थ कसा कळतो? बोलण्याचा प्रसंग तर सांगतोच. पण बरेंचसें काम शेजारचा शब्द करतो. 'कृपया' आलें कीं विनंति, 'खुशाल' आलें कीं परवानगी, 'बहुधा' आलें कीं तर्क. क्रियापद एकच, त्याचा सोबती बदलला कीं त्याचें बोलणें बदलतें.

इंग्रजींतही नेमकें हेंच घडतें. 'कॅन', 'कुड', 'मे', 'माइट', 'शॅल', 'शुड', 'विल', 'वुड' आणि 'मस्ट' हीं तेथील मुख्य साहाय्यक क्रियापदें. ह्यांतील बहुतेक फार पूर्वीं स्वतंत्र क्रियापदें होतीं. 'मे' म्हणजे अंगीं सामर्थ्य असणें, 'कॅन' म्हणजे जाणणें, 'शॅल' म्हणजे देणें लागणें, 'विल' म्हणजे इच्छिणें. काळाच्या ओघांत हे मूळ अर्थ झिजले आणि प्रत्येकावर दोन दोन ओझीं येऊन पडलीं. एक ओझें व्यवहाराचें : आज्ञा, परवानगी, कर्तव्य. दुसरें तर्काचें : एखादी गोष्ट शक्य आहे, संभवनीय आहे, कीं निश्चित आहे. 'ही मस्ट गो' म्हणजे 'त्यानें गेलेंच पाहिजे'. पण 'ही मस्ट बी अ‍ॅट होम' म्हणजे बहुधा 'तो घरींच असला पाहिजे'. मराठी वाचकाला ह्यांत नवल वाटूं नये. 'पाहिजे' हें 'पाहणें' ह्या धातूचें जुनें कर्मणि रूप. आज तेंही कर्तव्य सांगतें, आणि 'एव्हांना गाडी यायला पाहिजे' ह्या वाक्यांत तर्कही सांगतें.

ओझीं दोन असल्यामुळें श्रोत्याला निवड करावी लागते, आणि ती निवड क्रियाविशेषण सोपी करून देतें. 'यू मे सर्टनली गो' ह्या वाक्यांत 'सर्टनली' आल्याबरोबर 'मे' परवानगीचा होतो : 'अवश्य जा.' 'ही मे पॉसिबली गो' ह्यांत 'पॉसिबली' आल्याबरोबर तोच 'मे' शंकेचा होतो : 'तो कदाचित् जाईलही.' 'मस्ट इमीजिएटली' म्हटलें कीं कर्तव्य डोळ्यांपुढें येतें. 'मस्ट शुअरली' म्हटलें कीं बहुतेक वेळां तर्क.

जॉन लायन्स ह्या भाषाशास्त्रज्ञानें अर्थविचारावरील आपल्या 1977 च्या ग्रंथांत ह्या मेळाला सुसंवादाची उपमा दिली. क्रियापद आणि क्रियाविशेषण सारख्याच बळाचे असले, म्हणजे ते सुरांत सूर मिळवितात. दोघे मिळून एकच गोष्ट सांगतात. 'मे पॉसिबली' म्हटल्यानें शंका दुप्पट होत नाहीं. एकच शंका दोन ठिकाणीं उमटते. ज्या कोल्हापुरांत अल्लादियाखांसाहेबांची गायकी रुजली, तेथील वाचकाला ही उपमा समजावून सांगण्याची गरज नाहीं : तंबोरा आणि गळा एकाच षड्जावर असले, तर दोन षड्ज ऐकूं येत नाहींत. परंतु एकाचें बळ शंकेचें आणि दुसऱ्याचें निश्चयाचें असलें कीं वाक्य बेसूर होतें. 'ही मस्ट पर्हॅप्स नो' हें वाक्य इंग्रजाला अडखळवितें. मराठींत 'तो खात्रीनें येईल कदाचित्' ऐकून मुलेंही हसतील. हा विषय लहान नाहीं. लिओ हॉय ह्या अभ्यासकाचा इंग्रजींतील ह्या जोड्यांवरचा स्वतंत्र ग्रंथ 1997 मध्यें प्रसिद्ध झाला.

कांहीं जोड्या तर इतक्या घट्ट बसल्या आहेत कीं त्यांचा अर्थ सुट्या शब्दांवरून लागत नाहीं. 'मे वेल' ह्यांत 'वेल' म्हणजे 'चांगलें' नव्हे. 'इट मे वेल रेन' म्हणजे 'पाऊस येण्याचा बराच संभव आहे'. त्यांत एक 'अ‍ॅज' घातला कीं अर्थ पालटतो : 'वुई मे अ‍ॅज वेल गो' म्हणजे 'दुसरें कांहीं करण्यासारखें नाहीं, तर जाऊं या'. 'कॅनॉट पॉसिबली' म्हणजे 'मुळींच शक्य नाहीं'. पण 'कुड यू पॉसिबली' ही अतिशय मृदु विनंति. एकच 'पॉसिबली' नकाराला कठोर करतो आणि प्रश्नाला मऊ करतो. 'वुड रादर' म्हणजे 'त्यापेक्षां हें बरें'. आणि 'हॅड बेटर' येथें तर विशेष सावध राहिलें पाहिजे. 'आपण आलेलें बरें' ह्या सौम्य मराठी वाक्याचें भाषांतर पुष्कळजण 'यू हॅड बेटर कम' असें करतात. इंग्रजींत त्याला 'न आलांत तर पाहा' असा इशाऱ्याचा वास येतो. मित्राला तें चालेल. वडीलधाऱ्याला चालणार नाहीं.

आतां जागेचा प्रश्न. इंग्रजींत असें क्रियाविशेषण सामान्यतः पहिल्या साहाय्यक क्रियापदाच्या पाठोपाठ बसतें : 'ही विल प्रॉबेबली कम', 'ही मस्ट सर्टनली हॅव गॉन'. वाक्यांत नकार असला, म्हणजे 'प्रॉबेबली' आणि 'सर्टनली' बहुधा क्रियापदाच्या आधीं सरकतात : 'ही प्रॉबेबली वोन्ट कम'. ही नुसती शिस्तीची बाब नव्हे. जागा बदलली कीं अर्थही बदलूं शकतो. 'आय सिम्पली कान्ट लीव्ह' म्हणजे 'मला निघणें मुळीं शक्यच नाहीं'. 'आय कान्ट सिम्पली लीव्ह' म्हणजे 'मला नुसतें उठून जातां येणार नाहीं'. सांगून, निरवानिरव करून जातां येईल. पहिल्या वाक्यानें दार बंद झालें, दुसऱ्यानें तें किलकिलें राहिलें.

मराठींत शब्दांना जागा बदलण्याची मोकळीक जास्त. पण तिची भरपाई 'च', 'ही', 'तरी', 'ना' ह्या चिमुकल्या शब्दांनीं होते. कोल्हापूरकरांच्या तोंडचा 'की' तर प्रसिद्धच आहे. 'जेवलास काय?' ह्याला 'जेवलो की!' हें उत्तर मिळालें, म्हणजे त्या एका 'की'मध्यें 'ऑफ कोर्स' आणि 'सर्टनली' दोन्ही आले. हा 'की' इंग्रजींत नेतां येत नाहीं. तेथें त्याच्याऐवजीं योग्य क्रियाविशेषण शोधून योग्य जागीं ठेवावें लागतें.

येवढ्या बारकाईचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. न्यायमूर्ति रानडे यांचें बालपणींचें शिक्षण ह्याच नगरींत झालें. 1880 मध्यें येथें राजाराम कॉलेज निघालें, आणि गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनीं उच्च शिक्षणाचे पहिले धडे तेथें घेतले. पुढें 1902 मध्यें व्हाइसरॉयच्या कायदेकौन्सिलांत अंदाजपत्रकावर त्यांनीं पहिलें भाषण केलें, तेव्हां परक्या सत्तेपुढें परक्या भाषेंत बोलावयाचें होतें. अशा ठिकाणीं एक 'मस्ट' जास्त झाला तर उद्धटपणा, आणि एक 'पर्हॅप्स' जास्त झाला तर दुबळेपणा. शब्दाचें वजन ओळखून बोलणाराचें म्हणणें विरोधकालाही ऐकावें लागतें. आजच्या तरुणापुढें कौन्सिल नसेल. पण परदेशीं विद्यापीठाला लिहावयाचें पत्र, नोकरीची मुलाखत, व्यापाराचा करार हीं आहेतच. तेथें त्याची पारख अशाच लहान शब्दांवरून होते.

म्हणून अर्ज लिहिणारानें लेखणी उचलण्यापूर्वीं स्वतःला एकच प्रश्न विचारावा : 'येथें मागावयाचें आहे, द्यावयाचें आहे, कीं तर्क करावयाचा आहे?' मागावयाचें असेल, तर 'यू मे' सोडून द्यावें. 'आय शुड बी ग्रेटफुल इफ यू वुड काइंडली सँक्शन माय लीव्ह' असें लिहावें. येथें 'वुड' विनंति करतो आणि 'काइंडली' त्याला साथ देतो. दोघांचा सूर एक लागतो. 'काइंडली' हा शब्द पहिल्या अर्जांतही होताच. त्याचा शेजारी तेवढा बदलला, आणि परवानगी देणारा अर्जदार पुन्हा विनंति करूं लागला.