अन्न असतानाची भूक : १९४३चा बंगाल आणि साहित्याची साक्ष

दारिद्र्याची चर्चा बहुधा साधनांच्या तुटवड्यापासून सुरू होते. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ साली जगात सुमारे ६७ कोटी माणसे भुकेली होती. जगाचे अन्नोत्पादन मात्र सर्वांना पुरेल इतके आहे. ही विसंगती समजून घेण्यास १९४३च्या बंगालच्या दुष्काळाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

१९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश जिंकल्यामुळे तेथील तांदळाची आवक थांबली. त्याच वर्षी मेदिनीपूरला चक्रीवादळाने झोडपले. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून शासनाने किनारी भागांतील नावा काढून घेतल्या. युद्धखर्चामुळे भाव भडकले. कोलकात्याच्या कारखान्यांतील कामगारांना सवलतीचे धान्य मिळत राहिले. शेतमजूर, कोळी, नावाडी यांची मिळकत मात्र भावांच्या फार मागे पडली. मृतांची संख्या पंधरा ते तीस लाखांच्या दरम्यान मानली जाते. १९४३ मधील तांदळाचा पुरवठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा सुमारे पाच टक्केच कमी होता, असे अमर्त्य सेन यांनी १९८१ साली मांडले. या आकड्यांविषयी मतभेद आहेत; तथापि, अन्न असणे आणि अन्नावर हक्क असणे या भिन्न गोष्टी होत, हा त्यांचा सिद्धान्त टिकून आहे.

साहित्याने हा भेद कितीतरी आधी टिपला होता. बिजन भट्टाचार्य यांच्या ‘नवान्न’ (१९४४) या नाटकात एकीकडे लग्नाची पंगत आणि दुसरीकडे उष्ट्यासाठी कुत्र्याशी झगडणारा माणूस एकाच वेळी दिसतात. भवानी भट्टाचार्य यांच्या ‘सो मेनी हंगर्स!’ (१९४७) या इंग्रजी कादंबरीत साठेबाजी शहरातील प्रतिष्ठित घरात शिजते आणि तिची किंमत खेड्यातील कुटुंब मोजते. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘अशनि संकेत’मध्ये तांदूळ गावातून हळूहळू नाहीसा होतो. नाटक विषमता समोरासमोर उभी करते, तर कादंबरी तिची संथ प्रक्रिया उलगडते.

तौलनिक अभ्यासात आणखी एक प्रश्न अटळ ठरतो : ही साक्ष कोणाच्या स्थानावरून दिली जाते? ‘अशनि संकेत’मध्ये भूकबळी ठरते ती तथाकथित खालच्या जातीची स्त्री, तिच्याकडे पाहणारे घर ब्राह्मणाचे आहे. या पार्श्वभूमीवर अण्णा भाऊ साठे यांचा ‘बंगालची हाक’ हा पोवाडा महत्त्वाचा वाटतो. मातंग समाजात जन्मलेल्या आणि मुंबईत श्रमिकाचे जिणे जगलेल्या या शाहिराला बंगालची भूक दूरची नव्हती. करुणेपेक्षा समदुःखाचे नाते तेथे अधिक जवळचे आहे.

सारांश, दारिद्र्याचे साहित्य वाचताना भुकेल्या देहाच्या वर्णनापाशी थांबून चालत नाही. त्या देहाचे कोठाराशी, बाजाराशी आणि लेखणी धरणाऱ्या हाताशी असलेले नाते तपासावे लागते. कारण अन्नाप्रमाणेच शब्दांचे वाटपही विषम असते.