आवाज कवा येते ते सांगा

तिसऱ्या किकला गाडी उठली आणि डबडब सुरू झाली. चार-पाच ठोके बरे गेले. मग आतून टक्. थोड्या वेळानं टक्-टक्. पाहुण्यानं दार वाजवावं तसा, घाई नसलेला आवाज. अ‍ॅक्सिलेटर जरा पिळला की गायब, सोडला की पुन्हा हजर.

गाडी बाबांची, १९९१ची बुलेट ३५०. कायद्यानं विंटेज म्हणवून घ्यायला ५० वर्षं लागतात, तेवढं तिचं वय नाही. पण वाशिम जिल्ह्यापेक्षा ती मोठी आहे. जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ला, त्यामुळे तिच्या पाटीवर अजून अकोल्याचा एमएच ३० आहे आणि नंतर आलेला एमएच ३७ तिला लागलाच नाही.

एका गॅरेजात दोन मिनिटं ऐकून निकाल मिळाला होता, ‘क्रँक गेला.’ म्हणजे इंजिन उतरवा, पूर्ण खोला, क्रँक लेथवर पाठवा आणि पंधरा दिवस बसने फिरा. बाबा म्हणाले, आधी पुसद नाक्याकडच्या मिस्त्रींना दाखव.

सोयाबीनचा हंगाम होता. मिस्त्रींच्या दारात फवारणीचे पंप आणि एक थ्रेशर उभं, समोरून ट्रॅक्टरची रांग. एवढ्या गोंगाटात बुलेटचं ऐकायचं तरी काय? त्यांनी सकाळी सहाला बोलावलं. गाडी मेन स्टँडवर लावून मी सांगायला लागलो, “मिस्त्री, आवाज खालून, उजवीकडून येतो...” त्यांनी हातानंच थांबवलं.

“कुठून येते ते नका सांगू, भाऊ. कवा येते ते सांगा.”

माझी अडचण तिथेच होती. आठवडाभर मी पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवून आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून आवाजाची जागा शोधत बसलो होतो. पेचकस काही खोटं बोलत नाही, पण क्रँकचा दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग लोखंड. डाव्या टोकाला बसलेला ठोका उजव्या झाकणावरही ऐकू येतो. वेळेचं तसं नाही. ७० मिलिमीटर बोअर, ९० मिलिमीटर स्ट्रोक आणि जड फ्लायव्हील असलेलं हे इंजिन इतकं सावकाश धडधडतं की ठोके मोजता येतात. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. म्हणून टॅपेट दोन फेऱ्यांत एकदा वाजतो, आणि क्रँकवरचं काही सैल असलं तर ते फेऱ्यागणिक वाजू शकतं. मिस्त्री बोटानं मांडीवर ताल धरून बसले. आमचा आवाज फेऱ्यागणिक येत होता, मध्येच एखादा ठोका चुकवत.

तरी त्यांनी सगळं क्रमानं पाहिलं. सायलेन्सरच्या नळीच्या जोडाला साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे नाहीत. क्लच दाबला, आवाजात फरक नाही, म्हणजे गिअरबॉक्स सुटला. पिस्टन थंडीत वाजतो आणि इंजिन तापल्यावर गप्प होतो, आमचं उलट होतं. इंजिन बंद करून, थंड होऊ देऊन, उजवीकडचं टॅपेटचं झाकण काढलं. दोन्ही पुशरॉड बोटांत धरून फिरवले. सहज फिरले पाहिजेत, पण वर-खाली हलता कामा नयेत, या जुन्या लोखंडी सिलिंडरच्या बुलेटला एवढंच मोजमाप पुरतं. एक्झॉस्टचा जरा आवळला होता, तो सैल केला. “आवळून चूप केला त वाल जळते.”

मग त्यांनी विचारलं, “चढावर कशी वाजते?” पातूरच्या घाटात दोघं बसून गेलो होतो, तेव्हा आवाज अजिबात नव्हता. मिस्त्री हसले. “क्रँक गेला असता त चढावर बोंबलली असती. हे त मुकी हाय.”

डावा फूटरेस्ट काढला, ब्रेकचा पेडल काढला, खाली तसराळं ठेवलं आणि चेन कव्हरचा मधला एकच मोठा नट खोलला. काळं तेल गळलं. आत दुहेरी चेन, क्लच आणि क्रँकच्या टोकावर मॅग्नेट. मिस्त्रींनी आधी चेन दाबून पाहिली, ठीक होती. मग दोन्ही अंगठे मॅग्नेटवर ठेवून तो मागे-पुढे हलवला.

खट्.

मला वाटलं चेन हलली. त्यांनी माझाच हात त्यावर ठेवला. क्रँक जागेवर आणि मॅग्नेट केसभर पुढं, केसभर मागं. नट हातानं फिरला. त्याखालच्या लॉक वायसरची कड मागच्या वेळी कोणाकडून तरी दुमडायची राहिली होती. कॉइल काढल्यावर मॅग्नेट बांगडीसारखा निघून आला. त्याला अडवणारी अर्धचंद्राकृती चावी एका कडेनं खाल्लेली, भोवती तेलात कालवलेली तांबूस पूड.

आता बाकीचं आपोआप जुळलं. सिंगल सिलिंडरचं इंजिन मंद चालताना क्रँक प्रत्येक फेऱ्यात झटके खातो, दाबाला अडतो आणि स्फोटाला उडी मारतो. जड मॅग्नेट मागे राहतो, मग चावीवर आपटतो. रेस दिली की झटके विरतात आणि तो एका कडेला चिकटून बसतो. चार्जिंग मात्र चोख चालू होतं, कारण या गाडीची ठिणगी बॅटरीवर आणि मॅग्नेट थोडा सरकला तरी वीज तयार होतच राहते. म्हणून डावीकडं कोणी पाहिलंच नाही.

क्रँकची खाच शाबूत होती. नवी चावी कानशीनं घासून बसवली, नट आवळला, नव्या वायसरची कड छिन्नीनं दुमडली. मॅग्नेट आणि कॉइलमधली फट पाहायला फीलर गेज नव्हतं. मिस्त्रींनी जुन्या एक्स-रेची कापलेली पट्टी सगळीकडून फिरवली, कुठं अडली नाही.

त्याच दुपारी हिंगोली रस्त्यानं कन्हेरगावापर्यंत जाऊन आलो. टॅपेटची बारीक टिकटिक तेवढी आहे, ती राहू द्यायची आहे. खाल्लेली चावी मी काड्यापेटीत ठेवली आहे. नखाएवढी आहे.