मुंगीची वाट आणि माणसाचे गंतव्य

निसर्ग हा माणसाचा आद्य गुरू, हे वाक्य शालेय निबंधांतून इतक्या वेळा लिहिले गेले आहे की, त्याचा अर्थ जवळजवळ झिजून गेला आहे. संगणकशास्त्राने मात्र ते शब्दशः मनावर घेतले. मुंग्यांची रांग, पिढ्यान् पिढ्या चालणारी उत्क्रांती, मेंदूतील मज्जापेशींचे जाळे, फार काय, तापवून सावकाश थंड होऊ दिलेला धातू, ह्या साऱ्यांपासून आकडेमोडीच्या नव्या रीती घेतल्या गेल्या. त्या उपयुक्त आहेत, यात शंका नाही. प्रश्न एवढाच की, गुरूचे नाव घेतले म्हणजे शिष्याचे प्रत्येक उत्तर बरोबर ठरते काय?

मुळात निसर्गाच्या दारी जाण्याची वेळ का आली, हे आधी पाहिले पाहिजे. एका फिरत्या विक्रेत्याला स्वतःचे गाव धरून १० गावांची फेरी पुरी करावयाची असेल, तर तिचे निरनिराळे मार्ग १,८१,४४० होतात. गावे १५ झाली की हीच संख्या सुमारे ४,३५९ कोटींवर जाते आणि २० झाली की सुमारे ६०८ कोटी कोटी होते. शाळेचे वेळापत्रक आखणाऱ्या शिक्षकाला हा अनुभव नवा नाही. एक तास इकडचा तिकडे केला की, दुसरीकडे दोन तास एकमेकांवर आदळतात. अशा ठिकाणी प्रत्येक शक्यता एकेक करून तपासणे अतिवेगवान यंत्रालाही परवडत नाही. सर्वोत्तमाचा हट्ट सोडून पुरेसे चांगले उत्तर लवकर शोधणे, हाच तेथे शहाणपणा ठरतो.

मुंगी नेमके हेच करते. ब्रुसेल्सच्या संशोधकांनी १९८९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वारूळ आणि अन्न यांच्यामध्ये त्यांनी एक आखूड आणि एक लांब अशा दोन वाटा ठेवल्या होत्या. प्रारंभी मुंग्या दोन्हीकडे गेल्या. परंतु आखूड वाटेने गेलेल्या आधी परतल्या, त्यामुळे त्या वाटेवर त्यांनी सोडलेले गंधद्रव्य लवकर दाट झाले आणि थोड्याच वेळात बहुतेक साऱ्या मुंग्या तिकडे वळल्या. एकाही मुंगीने वाट मोजली नव्हती. ह्याच तत्त्वावर मार्को दोरिगो यांनी १९९२ साली मिलान येथे सादर केलेल्या प्रबंधात मार्गशोधनाची रीत बसविली. तीत एक मर्माची गोष्ट आहे. संगणकातील ‘गंध’ ठरावीक गतीने उडून जाऊ दिला जातो. जुन्या चुका विसरल्या नाहीत, तर नवी वाट सापडत नाही.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे जॉन हॉलंड यांनी १९७५ साली ग्रंथरूपाने मांडलेली जनुकीय रीत उत्क्रांतीवर आधारलेली आहे. अनेक कच्ची उत्तरे घ्यावयाची, त्यांतील सरस निवडून त्यांचा संकर करावयाचा, क्वचित एखादा आकडा सहज बदलावयाचा आणि हेच पिढ्यामागून पिढ्या चालवावयाचे. ‘नासा’ने मार्च २००६ मध्ये सोडलेल्या तीन लहान उपग्रहांवर ह्याच जातीच्या रीतीने घडविलेली अँटेना बसविली होती. वेड्यावाकड्या वाकविलेल्या तारेसारखी ती दिसे. कोणत्याही अभियंत्याने कागदावर असा आकार काढला नसता.

येथेच सावध होण्याचे कारण आहे. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठात एड्रियन थॉम्पसन यांनी १९९६ च्या सुमारास दोन स्वरांमधील भेद ओळखणारे विद्युत्मंडल अशाच ‘उत्क्रांती’ने घडविले. हजारो पिढ्यांनंतर ते उत्तम चालू लागले. पण त्यातील काही घटक मंडलाच्या मार्गाला जोडलेलेच नव्हते. तरीही ते निकामी केले की काम बिघडे. तापमान फार बदलले तरी तेच होई. यंत्राने मागितलेले तंतोतंत दिले होते. जे मागावयाचे राहून गेले, ते दिले नव्हते.

निसर्गही काही अचूक नाही. लष्करी मुंग्यांचा थवा वाट चुकला की, एकमेकींच्या गंधामागे वर्तुळात फिरत राहतो आणि त्यातच बहुसंख्य मुंग्या मरतात. असा प्रसंग शास्त्रज्ञांनी १९४४ सालीच नोंदविला आहे. तथापि विद्वत्तेच्या बाजारात निसर्गाच्या नावाला भाव आला आणि लांडगे, वटवाघळे, काजवे यांच्या नावाने नव्या रीतींचा पूर लोटला. केनेथ सोरेन्सेन यांनी २०१५ साली ह्या प्रकारावर सडकून टीका केली. प्राणी नवा, पण गणित जुनेच, असे पुष्कळदा आढळते. वोल्पर्ट आणि मॅकरेडी यांनी तर १९९७ सालीच सिद्ध केले होते की, सर्व संभाव्य प्रश्न विचारात घेतले, तर कोणतीही शोधरीत सरासरीने दुसरीहून सरस ठरत नाही. तेव्हा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने प्राणी कोणता, ह्यापेक्षा ही रीत कोणत्या प्रश्नाला आणि का लागू पडते, हे विचारावे.

मज्जापेशींच्या जाळ्यावरून सुचलेल्या रीतीने तर आता सर्वत्र संचार केला आहे. तिच्या पायाभूत कामाबद्दल जॉन हॉपफिल्ड आणि जेफ्री हिंटन यांना २०२४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. अँटेना वाकडी असली तरी संदेश पोहोचतो की नाही, हे मोजता येते. परंतु कर्जाचा अर्ज किंवा नोकरीसाठीची निवड अशा यंत्राच्या हाती गेली, तर नाकारल्या गेलेल्या माणसाला कारण कोण सांगणार? ‘मेंदूसारखे चालते’ हे कारण नव्हे. साध्या कार्यालयातील कारकुनालाही आपल्या टिपणीत कारण लिहून खाली सही करावी लागते. मुंगीकडून वाट शोधण्याची रीत अवश्य शिकावी. पण जावयाचे कोठे, हे ठरविण्याचे आणि त्याखाली सही करण्याचे काम माणसाचेच राहिले पाहिजे.