उपास्थि (कूर्चा)

पृष्ठवंशी (पाठीचा कणा असलेल्या) प्राण्यांच्या शरीरातील दृढ परंतु लवचिक अशा संयोजी ऊतकाला (शरीराचे भाग जोडणाऱ्या व त्यांना आधार देणाऱ्या कोशिकासमूहाला) ‘उपास्थि’ किंवा ‘कूर्चा’ म्हणतात. व्यवहारात तिचा उल्लेख ‘मऊ हाड’ असा होत असला, तरी हाड व उपास्थि यांत मूलभूत फरक आहे. हाडात रक्तवाहिन्यांचे जाळे असते. प्रौढ उपास्थीत सामान्यतः रक्तवाहिन्या, लसीकावाहिन्या व तंत्रिका (मज्जा) यांपैकी काहीही नसते. उपास्थीचे बरेचसे गुण आणि तिच्या उणिवाही या एका गोष्टीशी निगडित आहेत.

रचना व पोषण : उपास्थीत कोशिका थोड्या व त्यांच्या भोवतीचे आधारद्रव्य पुष्कळ असते. आधारद्रव्यात श्लेषजनाचे (कोलॅजेन या प्रथिनाचे) तंतू आणि पाणी धरून ठेवणारे शर्करायुक्त प्रथिनांचे मोठे रेणू असतात. सांध्यातील उपास्थीच्या वजनात पाण्याचे प्रमाण सुमारे ६५ ते ८० टक्के असते. तंतू ताण सहन करतात आणि अडकून राहिलेले पाणी दाब सहन करते. पाऊल टेकताच दाबाने थोडा द्रव बाहेर पडतो व पाऊल उचलताच पुन्हा आत शोषला जातो. कोशिकांना पोषक द्रव्ये आसपासच्या द्रवातून झिरपूनच मिळत असल्यामुळे हालचाल ही सांध्यातील उपास्थीच्या पोषणास आवश्यक ठरते. शरीरात इतरत्र उपास्थीवर पर्युपास्थि नावाचे रक्तवाहिन्यायुक्त पातळ आवरण असते व तिचे पोषण त्यातून होते.

प्रकार : (१) काचाभ उपास्थि : ही निळसर पांढरी व गुळगुळीत असून बरगड्यांची पुढील टोके, नाक, श्वासनालाची अपुरी कडी आणि सांध्यांतील हाडांची टोके येथे आढळते. सांध्यातील तिचा थर बहुधा २ ते ४ मिमी. जाडीचा असतो, गुडघ्याच्या वाटीवर तो अधिक जाड असतो. (२) लवचिक उपास्थि : बाह्यकर्ण व गिळताना श्वासमार्ग झाकणारी कंठच्छदाची झडप यांत ही असते. कान दुमडून सोडल्यास तो लगेच पूर्ववत होतो, तो हिच्यामुळे. (३) तंतुमय उपास्थि : मणक्यांमधील चकत्या व गुडघ्यातील चंद्रकोरीसारख्या गाद्या हिच्या बनलेल्या असून तिन्ही प्रकारांत ही सर्वांत चिवट असते.

हाडांची वाढ : गर्भाचा बहुतेक सांगाडा प्रथम उपास्थीचा असतो. सुमारे आठव्या आठवड्यापासून तिच्या जागी हाड तयार होऊ लागते [⟶ अस्थि]. जन्मानंतर लांब हाडांच्या टोकांजवळ उपास्थीचे पट्टे शिल्लक राहतात व त्यांच्यामुळे हाडे लांबीने वाढतात. तारुण्यागमनानंतर काही वर्षांत, मुलींत मुलांपेक्षा आधी, हे पट्टे हाडात रूपांतरित होतात व उंची वाढणे थांबते. त्यामुळे लहान वयात या पट्ट्यास झालेला अस्थिभंग दुर्लक्षित राहिल्यास हातपाय आखूड किंवा वाकडे होण्याचा धोका असतो.

इतर प्राणी : कोकण किनाऱ्यावर मिळणाऱ्या मुशी, पाकट, रांजा इ. माशांचा संपूर्ण सांगाडा उपास्थीचा असतो. त्यांत खरे हाड नसते. मात्र कणा, जबडे यांसारख्या भागांत कॅल्शियमाच्या लवणांनी उपास्थि कठीण झालेली असते. उपास्थि हाडापेक्षा हलकी असते. वाताशय (हवेची पिशवी) नसलेल्या या माशांना हा हलकेपणा व यकृतातील तेल यांचा तरंगण्यास उपयोग होतो. उपास्थि सहज कुजत असल्याने प्राचीन मुशींचे दातच प्रामुख्याने जीवाश्मरूपाने सापडतात. उपास्थि केवळ पृष्ठवंशी प्राण्यांतच असते असेही नाही. माकूलासारख्या मृदुकाय प्राण्यांत मेंदूभोवती उपास्थिसदृश कवच असते.

इजा : रक्तपुरवठा नसल्यामुळे दुखावलेली उपास्थि क्वचितच पूर्णपणे भरून येते. सांध्यातील उपास्थि एकदा नष्ट झाली की पूर्ववत होत नाही, हे विल्यम हंटर या शारीरविज्ञांनी १७४३ मध्येच नमूद केले होते. कानाच्या पाळीत उपास्थि नसते, म्हणून कर्णवेधाची जखम बहुधा लवकर बरी होते. बुगडी किंवा भिकबाळी यांसाठी कानाच्या वरच्या भागात पाडलेले छिद्र मात्र उपास्थीतून जाते; तेथे जंतुसंसर्ग झाल्यास तो आटोक्यात आणणे कठीण होते व कानाचा आकार बिघडू शकतो. कुस्तीगिरांच्या कानांना वारंवार मार बसून पर्युपास्थीखाली रक्त साठते. उपास्थि आपल्या पोषक आवरणापासून अलग होऊन तिचा काही भाग मरतो व कान कायमचा गाठाळ होतो. साठलेले रक्त वेळीच काढल्यास हे टळू शकते.

रोपण : उपास्थीची अल्प गरज शस्त्रक्रियेत उपकारक ठरते. १७९२ च्या म्हैसूर युद्धात टिपू सुलतानाच्या सैनिकांनी कावसजी नावाच्या इंग्रजी सैन्यातील गाडीवानाचे नाक कापले. पुढे पुण्यात एका कारागिराने कपाळावरील त्वचा खाली वळवून त्याचे नाक तयार केले. या शस्त्रक्रियेचा वृत्तांत १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात प्रसिद्ध झाला व पाश्चात्त्य शल्यचिकित्सकांचे लक्ष या भारतीय पद्धतीकडे वेधले गेले. नव्या जागी रक्तपुरवठा सुरू होईपर्यंत त्वचेचा देठ मूळ जागी जोडलेला ठेवावा लागे. आता नाकास आतून आधार देण्यासाठी रुग्णाच्याच कानाची किंवा बरगडीची उपास्थि वापरतात. तिला असा देठ लागत नाही. पूर्णपणे सुटा केलेला तुकडाही सभोवतालच्या ऊतकातून झिरपणाऱ्या द्रवावर जगू शकतो.

विकार : वय, स्थूलता, जुनी दुखापत व आनुवंशिकता यांमुळे सांध्यातील उपास्थि खरबरीत होऊन झिजते. तिच्यात तंत्रिका नसल्याने झिजेची सुरुवात पुष्कळदा वेदनेविना होते. वेदना जाणवू लागतात त्या मुख्यतः खालचे हाड, सांध्याचे अस्तर इ. भागांतून. विदर्भात, विशेषतः नागपूर परिसरात व पूर्वेकडील जिल्ह्यांत, पुष्कळ आढळणाऱ्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात याउलट क्रम दिसतो. त्यात मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा खंडित होऊन हाड मरते. त्यावरील उपास्थि सांध्यातील द्रवावर जगत असल्याने प्रारंभी शाबूत राहते. परंतु आधार खचल्यावर तीही खराब होते व तरुण वयातच रुग्ण लंगडू लागतो.

उपचार : वजन कमी करणे, मांडीच्या स्नायूंचा नियमित व्यायाम आणि वेदनाशामके यांनी झिजेचा त्रास कमी होतो, गेलेली उपास्थि मात्र परत येत नाही. मर्यादित दुखापतीत रुग्णाच्याच उपास्थिकोशिका प्रयोगशाळेत वाढवून सांध्यात रोपण करण्याची पद्धत स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. सांधा पूर्णपणे निकामी झाल्यास कृत्रिम सांधा बसवितात. मुशीच्या उपास्थीची चूर्णे कर्करोगावर गुणकारी असल्याचा प्रचार झाला होता. परंतु चाचण्यांत त्याला आधार मिळाला नाही आणि मुशींनाही कर्करोग होतो.