नियमाच्या आतबाहेर – भाग ९ : गोल झाला, पण तो द्यायचा का?

११ जून २०२४, दोहा. फुटबॉल विश्वचषक पात्रता फेरीत भारत कतारविरुद्ध १–० असा पुढे होता. छांगटेने ३७व्या मिनिटाला गोल केला होता, आणि ही आघाडी टिकली असती तर भारत पहिल्यांदाच पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत गेला असता. ७३व्या मिनिटाला कतारच्या फ्री किकवर हेडर आला, आपला गोलरक्षक गुरप्रीतने तो अडवला आणि चेंडू त्याच्या अंगाखालून घरंगळत गोलरेषेच्या मागे गेला. आपले बचावपटू थांबले, कारण आता कॉर्नरच मिळणार होता. कतारच्या अल हुसेनने मात्र बाहेर गेलेला चेंडू पायाने आत ओढला, यूसुफ आयमनने तो जाळ्यात मारला आणि कोरियन रेफरी किम वू-सुंग यांनी गोल दिला. भारतीय खेळाडूंनी त्यांना घेराव घातला, पण काही उपयोग झाला नाही. ८५व्या मिनिटाला कतारने दुसरा गोल केला आणि भारत स्पर्धेबाहेर गेला.

त्या रात्रीपासून एकच प्रश्न विचारला जातोय. चेंडू बाहेर गेलेला अख्ख्या जगाने व्हिडिओवर पाहिला, मग गोल रद्द का झाला नाही?

चेंडू बाहेर कधी, हे नववा नियम सांगतो. संपूर्ण चेंडूने संपूर्ण रेषा ओलांडली पाहिजे, मग तो जमिनीवर असो की हवेत. २०२२च्या विश्वचषकात स्पेनविरुद्ध जपानच्या मितोमाने ओढून आणलेला चेंडू असाच वादात सापडला होता. वरून घेतलेल्या चित्रात तो दोन मिलिमीटरपेक्षाही कमी अंतराने रेषेवर होता, म्हणून आत ठरला. दोह्यात मिलिमीटर मोजायची पाळीच आली नाही. चेंडू सरळसरळ बाहेर होता. फरक एवढाच की जपानच्या सामन्याला व्हीएआर (व्हिडिओ पाहणारा साहाय्यक रेफरी) होता आणि या सामन्याला नव्हता.

आपल्याकडे भल्याभल्यांचा गोंधळ होतो तो इथून पुढे. चूक सिद्ध झाली म्हणजे निकाल बदलेल, असं आपण गृहीत धरतो. पण पाचवा नियम म्हणतो की खेळातल्या घटनांबद्दल रेफरीचा निर्णय अंतिम. गोल झाला की नाही, हेसुद्धा त्यात आलं. खेळ पुन्हा सुरू झाला की रेफरीला स्वतःची चूक कळली तरी तो निर्णय फिरवता येत नाही. तक्रार करा, पत्रं लिहा, चौकशी मागा. भारतीय महासंघाने हे सगळं केलं. स्कोअर बोर्डावरचा आकडा जागचा हलला नाही.

हे निर्दयी वाटतं, पण त्यामागे हिशेब आहे. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी मंडळाचा सामना संपल्यावर पेठेच्या कट्ट्यावर तो रात्रभर पुन्हा खेळला जातो. ती चर्चा दुसऱ्या दिवशी निकाल बदलू शकली असती, तर कोल्हापूरचा एकही हंगाम संपला नसता.

निकाल बदलण्याचा आणि न बदलण्याचा, असे दोन्ही प्रयोग जर्मनीत झाले आहेत. १९९४च्या एप्रिलमध्ये बायर्नच्या हेल्मरने न्यूरेंबर्गविरुद्ध चेंडू गोलखांबाच्या बाहेरून घालवला, तरी लाइन्समनने गोल दिला. जर्मन महासंघाने सामना पुन्हा खेळवला, बायर्नने तो ५–० जिंकला आणि न्यूरेंबर्ग त्या मोसमात खालच्या विभागात गेला. पुढे २०१३च्या ऑक्टोबरमध्ये लेव्हरकुसेनच्या कीसलिंगचा हेडर बाजूच्या जाळीला पडलेल्या भोकातून आत शिरला. या वेळी त्याच महासंघाने सामना पुन्हा खेळवायला नकार दिला. तो निर्णय कितीही अन्यायाचा दिसला तरी नियमाला धरून होता. १९९४चा निर्णय मनाला बरा वाटतो, पण नियमात बसत नाही.

मग सामना पुन्हा खेळवण्याचा आदेश कधीच निघत नाही का? निघतो, आणि त्याचं उदाहरण ताश्कंदचं आहे. ३ सप्टेंबर २००५, उझबेकिस्तान विरुद्ध बहारीन. उझबेकिस्तान १–० पुढे असताना त्यांना पेनल्टी मिळाली आणि ती आतही गेली, पण त्यांचाच एक खेळाडू किक बसण्याआधी पेनल्टी क्षेत्रात घुसला होता. नियमाप्रमाणे पेनल्टी पुन्हा घ्यायला हवी होती. जपानी रेफरी योशिदा यांनी बहारीनला अप्रत्यक्ष फ्री किक दिली. कोण कुठे होतं हे त्यांनी बरोबर पाहिलं होतं, नियम मात्र चुकीचा लावला होता. फिफाने हीच रेघ पकडली. बघण्यातली चूक पोटात घालता येते, नियम लावण्यातली नाही. गंमत म्हणजे तक्रार होती सामना जिंकलेल्या उझबेकिस्तानची, आणि त्यांना हवा होता ३–० असा बहाल केलेला विजय. मिळाला तो नवा सामना. तो १–१ सुटला, परतीचा ०–० झाला आणि प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर केलेल्या गोलच्या जोरावर बहारीन पुढे गेलं.

ही रेघ हातात धरून आपल्याकडच्या सर्वांत गाजलेल्या गोलकडे पाहू. ३ मार्च २०२३, बंगळुरूचं कांतिरवा स्टेडियम, आयएसएलच्या बाद फेरीचा सामना, जादा वेळ. बंगळुरूला फ्री किक मिळाली. केरळ ब्लास्टर्सचा गोलरक्षक गिल भिंत लावण्यात गुंतला होता, तेवढ्यात सुनील छेत्रीने चेंडू अलगद रिकाम्या जाळ्यात टाकला. रेफरी क्रिस्टल जॉन यांनी गोल दिला. केरळचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी अख्खा संघ मैदानाबाहेर नेला आणि सामना बंगळुरूला बहाल झाला.

तेरावा नियम फ्री किक घेणाऱ्याच्या बाजूचा आहे. समोरच्यांनी ९.१५ मीटर मागे जायचं असतं, पण किक घेणाऱ्याला घाई असेल तर त्याने थांबायचं कारण नाही. शिट्टीची वाट बघावी लागते ती रेफरीने तसं सांगितलं असेल तर. छेत्रीचं म्हणणं, मला भिंतही नको आणि शिट्टीही नको हे मी रेफरीला सांगितलं होतं. केरळचं म्हणणं, रेफरी खेळाडूंना मागे सारत होता, म्हणजे शिट्टी वाजणार हे ठरलेलंच होतं. २००४च्या डिसेंबरमध्ये आर्सेनलच्या हेन्रीने चेल्सीविरुद्ध अगदी असाच गोल केला होता. रेफरी ग्रॅहम पोल यांनी त्याला आधी विचारलं होतं, पीटर चेक भिंत लावत राहिला आणि चेंडू आत गेला. तो गोल टिकला.

माझ्या मते छेत्रीचा गोल द्यायलाच हवा होता. फाऊल ज्याने केला, त्याला सावरायला वेळ मिळावा म्हणून फ्री किक नसते. केरळच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. रेफरी काय बोलला हे दोघातिघांनाच ऐकू येणार असेल, तर बाकीच्यांनी काय समजायचं? रेफरीने शिट्टीकडे बोट दाखवून ‘थांबा’ म्हणण्याची खूण सगळीकडे रूढ आहे. ती केली की नाही, एवढं स्पष्ट असतं तर वादाला जागाच उरली नसती. तरीही, जादा वेळाची वीसेक मिनिटं हातात असताना मैदान सोडणं हा शुद्ध आततायीपणा होता. सामना पुन्हा खेळवण्याची मागणी महासंघाच्या शिस्तपालन समितीने फेटाळली. क्लबला ४ कोटींचा दंड झाला आणि प्रशिक्षकांवर १० सामन्यांची बंदी आली. बंगळुरूने पुढे उपांत्य फेरीत मुंबई सिटीला पेनल्टी शूटआउटवर हरवलं आणि गोव्यात फातोर्ड्याला अंतिम सामना पेनल्टी शूटआउटवरच गमावला.

नियम सगळ्यांना स्पष्ट असण्याच्या बाबतीत हॉकी फुटबॉलच्या पुढे आहे. झाशीचं हीरोज मैदान असो की त्याच जिल्ह्यातल्या टहरौलीतलं एखादं पटांगण, ‘डी’च्या बाहेरून मारलेला फटका आक्रमकाच्या स्टिकला आत न लागता जाळ्यात गेला तर गोल नाही, हे पोरांनाही पाठ असतं. शिवाय आंतरराष्ट्रीय हॉकीत संघाला स्वतः व्हिडिओ पंचाकडे दाद मागता येते. फुटबॉलला हे सुचायला २०२४ उजाडलं. त्या वर्षी फिफाने प्रशिक्षकाला ठराविक वेळा व्हिडिओ तपासणी मागू देणारी पद्धत आजमावायला घेतली. ती व्हीएआरपेक्षा स्वस्त आहे, कारण स्क्रीनसमोर बसवायला वेगळे पंच लागत नाहीत. कॅमेरे मोजकेच असले तरी चालतात. दोह्यात ती असती तर भारताच्या प्रशिक्षकांनी हात वर केला असता, किम यांनी स्क्रीनवर अर्धं मिनिट पाहिलं असतं आणि कतारला फार तर कॉर्नर मिळाला असता.