लॅपटॉपचे कायमचे भाग

नव्या लॅपटॉपच्या माहितीपत्रकात प्रोसेसर, रॅम, साठवण, पडदा आणि बॅटरी यांचे आकडे एकाखाली एक, सारख्याच ठशात छापलेले असतात. त्यामुळे हे सर्व भाग सारखेच महत्त्वाचे आहेत आणि ज्याचे आकडे मोठे तो लॅपटॉप चांगला, असा समज सहज होतो. वस्तुतः या भागांमध्ये एक मूलभूत भेद आहे आणि तो त्या पत्रकात कोठेही नोंदवलेला नसतो. काही भाग दोन-तीन वर्षांनी, गरज पडेल तेव्हा, बेताच्या खर्चात बदलता येतात, तर काही भाग लॅपटॉप मोडीत निघेपर्यंत जसेच्या तसे राहतात. ज्या कुटुंबाला एकच लॅपटॉप सहा-सात वर्षे वापरायचा आहे, त्याने हाताशी असलेला पैसा आधी न बदलणाऱ्या भागांवर घालावा आणि बदलता येणाऱ्या भागांत काटकसर करावी, हे धोरण सर्वांत हिताचे ठरते.

रॅमच्या बाबतीत हा भेद सर्वांत ठळकपणे दिसतो. रॅम म्हणजे चालू असलेले काम तात्पुरते धरून ठेवणारी मेमरी. उघडलेली प्रत्येक फाइल आणि ब्राउझरमधले प्रत्येक पान तिच्यात जागा अडवते, आणि ती भरली की संगणकाला तीच माहिती कितीतरी मंद असलेल्या साठवणीत ठेवावी आणि पुन्हा काढावी लागते, म्हणून सगळेच काम अडखळू लागते. पूर्वी रॅमची पट्टी तळाच्या झाकणाखालील खाचेत बसवलेली असे आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात ती उभ्याउभ्या वाढवून मिळे. २००८ मध्ये अ‍ॅपलने काढलेल्या पहिल्या मॅकबुक एअरमध्ये मात्र रॅमच्या चिप थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेल्या होत्या, आणि पातळ, हलक्या लॅपटॉपची मागणी वाढली तशी ही पद्धत इतर उत्पादकांनीही उचलली. यामागे केवळ जाडी कमी करण्याचा हेतू नाही; एलपीडीडीआर ही कमी वीज खाणारी मेमरी प्रोसेसरच्या अगदी जवळ, आखूड जोडण्यांवर ठेवावी लागते, त्यामुळे ती बहुधा सोल्डर केलेलीच येते.

म्हणून ‘रॅम किती’ या प्रश्नाआधी ‘रॅम कशी’ हा प्रश्न विचारला पाहिजे. दुकानदार सोल्डर केलेल्या रॅमला ‘ऑनबोर्ड’ म्हणतात. काही लॅपटॉपमध्ये सगळी रॅम ऑनबोर्ड असते, काहींत थोडी ऑनबोर्ड आणि जोडीला एक रिकामी खाच असते, तर काहींत दोन्ही पट्ट्या सुट्या असतात. दुकानात मांडलेला विंडोज लॅपटॉप चालू असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडता येतो, आणि त्यातील मेमरीच्या पानावर ‘फॉर्म फॅक्टर’पुढे ‘रो ऑफ चिप्स’ असे लिहिलेले दिसले, तर ती रॅम सोल्डर केलेली आहे असे समजावे. अशा वेळी १६ जीबीपेक्षा कमी रॅम घेणे योग्य नाही. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने ठरवलेली किमान मर्यादा ४ जीबी असली, तरी तेवढ्यावर रोजचे काम सुखाने होत नाही. त्याच कंपनीने २०२४ मध्ये ‘कोपायलट प्लस’ या नव्या वर्गातील संगणकांसाठी १६ जीबीची अट घातली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अ‍ॅपलने मॅकबुक एअरची सुरुवातीची रॅम ८ वरून १६ जीबी केली. खाच रिकामी असेल तर मात्र ८ जीबीवर सुरुवात करून पुढे भर घालण्यास हरकत नाही. ज्या लॅपटॉपमध्ये स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसते, त्यात पडद्यावरील चित्रासाठी लागणारी मेमरीही याच रॅममधून घेतली जाते, ही गोष्टही हिशेबात धरावी.

प्रोसेसर तर जवळजवळ सर्वच लॅपटॉपमध्ये कायमचा असतो, आणि ग्राहकाची सर्वाधिक दिशाभूल त्याच्याच नावामुळे होते. ‘आय५ की आय७’ असा प्रश्न विचारला जातो, पण त्या नावाच्या शेवटी असलेले अक्षर अनेकदा अधिक बोलके असते. इंटेलच्या पद्धतीत यू हे अक्षर कमी वीज घेणाऱ्या, तर एच हे अक्षर अधिक वीज घेऊन अधिक काम करणाऱ्या प्रोसेसरला लावलेले असते. त्यामुळे १५ वॅटच्या आय७-१२५५यू पेक्षा ४५ वॅटचा आय५-१२५००एच दीर्घकाळ चालणाऱ्या जड कामात पुढे राहतो, कारण त्यात वेगवान गाभे, म्हणजे प्रत्यक्ष गणना करणारे घटक, दोनऐवजी चार आहेत. एएमडीच्या रायझन ५ ७५२०यू या नावावरून तो ७००० मालिकेतील नवा प्रोसेसर वाटतो आणि तो बाजारात आलाही २०२२ मध्ये, परंतु त्याचे गाभे २०१९ मध्ये आलेल्या झेन २ रचनेचे आहेत. हे त्या नावातच, तिसऱ्या अंकात सांगितलेले आहे, मात्र सामान्य ग्राहकाने ते ओळखावे ही अपेक्षा अन्यायाची आहे. लेखन, हिशेब, ऑनलाइन वर्ग अशा कामांना नव्या पिढीचा यू वर्गातील मधला प्रोसेसर पुरतो, आणि त्यापुढचा पैसा पडद्यावर खर्च करणे शहाणपणाचे ठरते.

पडद्याकडे ग्राहकाचे लक्ष सर्वांत कमी जाते, वास्तविक डोळ्यांचा संबंध लॅपटॉपच्या याच भागाशी सतत येतो. तुटलेला पडदा बदलता येतो, पण तो सहसा मूळ जातीचाच बसवला जातो आणि बराच महागात पडतो. १३६६ गुणिले ७६८ बिंदूंचे पडदे स्वस्त लॅपटॉपमध्ये दीर्घकाळ दिले गेले; अशा पडद्यावर देवनागरीतील जोडाक्षरे, रफार आणि लहान ठशातील मात्रा गिचमिड दिसतात, म्हणून मराठी मजकूर वाचणाऱ्याने १९२० गुणिले १०८० ही किमान मर्यादा मानावी, आणि १९२० गुणिले १२०० बिंदूंचा थोडा उंच पडदा मिळाल्यास लेखनासाठी तो अधिक सोयीचा होतो. उजेड निट या एककात मोजतात. २५० निटचा पडदा खिडकीजवळ बसल्यावर फिका पडतो, ३०० निट घरात पुरतात. पत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिलेले असेल, तर रंग उडालेले दिसणार हे निश्चित समजावे, कारण संगणकावरील चित्रांसाठी रूढ असलेला एसआरजीबी हा रंगपट्टा पूर्ण दाखवायला त्याच मापाने सुमारे ७२ टक्के लागतात.

साठवणीचा निर्णय त्यामानाने सोपा आहे. आज एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली चिपची साठवण, घ्यावी यात दुमत नाही, आणि ती एम.२ प्रकारची सुटी पट्टी असेल तर ५१२ जीबीवर सुरुवात करून पुढे वाढवता येते. मॅकबुक एअर आणि ईएमएमसी साठवणीचे अगदी स्वस्त लॅपटॉप मात्र याला अपवाद आहेत. ५१२ जीबीच्या जागी विंडोज सुमारे ४७६ दाखवते, ती फसवणूक नसते. उत्पादक एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो, तर विंडोज १०७ कोटींहून थोडे अधिक धरते, एवढाच तो फरक आहे.

बॅटरी झिजणारीच वस्तू असल्याने ती कधीतरी बदलावी लागते, तरीही तिची मूळ क्षमता पाहून घ्यावी. ‘दहा तास’ या दाव्यापेक्षा वॅट-तासांचा आकडा विश्वसनीय असतो, कारण ५० वॅट-तासांची बॅटरी सरासरी ८ वॅट खाणाऱ्या लॅपटॉपला सहा तासांच्या आसपास चालवणार, हे साध्या भागाकाराने कळते. चार्जिंग टाइप-सी जोडणीतून होते का, हेही विचारावे. या जोडणीचा आकार सर्वत्र सारखा असला, तरी काही लॅपटॉपमध्ये तिच्यातून केवळ माहितीची देवाणघेवाण होते, काहींत चार्जिंग होते आणि काहींत बाहेरचा पडदाही जोडता येतो. यांपैकी कोणती सोय आहे, हे उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्या नेमक्या मॉडेल क्रमांकापुढे दिलेले असते. क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून पाहावा, कारण एकाच नावाखाली वेगवेगळी रॅम आणि वेगवेगळे पडदे असलेले लॅपटॉप विकले जातात.